ईशान्येचा कोपरा

२ डिसेंबर २०२४
कळंबा रोड, कोल्हापूर

पंचाक्षरीअप्पा,

शरणार्थी. हा तुमच्यातला नमस्कार तुमच्याकडनंच शिकलो, तेव्हा एवढा तरी ठेवून घ्या.

फोन लावून दमलो. रिंग शेवटपर्यंत वाजते, म्हणजे फोन बंद नसतो. तुम्ही नाव बघता आणि तसाच खाली ठेवता. मधे एकदा तुमच्या नातीनं, भूमिकानं उचलला. अप्पा पूजेला बसलेत म्हणाली. मागं तुमचा खोकला ऐकू आला, आणि टीव्हीवरच्या बातम्याही, कानडीत. पोरीला माझ्यापायी खोटं बोलायला लागू नये म्हणून पत्र लिहितोय. धारवाडचा पत्ता कॉलनीतल्या शालूबाईंनी दिला. त्यांच्याकडं तो कसा, हे विचारलं नाही.

घराची काळजी करू नका. किल्ली मला दिली नाहीत, बरोबरच आहे. शिवम्मावहिनींच्या मोगऱ्याला आपल्या मधल्या कंपाउंडच्या भिंतीवरनं पाइप सोडून पाणी घालतो. निम्मं पाणी भिंतच पिते, पण मोगरा हिरवा आहे.

आठ दिवसांपूर्वीच्या, रविवारच्या मीटिंगबद्दल तुमचा गैरसमज झालाय. सगळं तुमच्या समोरच घडलं. नव्या आराखड्यात आपला पट्टा बंगल्यांचा न राहता दाट वस्तीचा झाला, सगळ्यांनी प्लॉट एकत्र केले तर बारा मजले उठतात, प्रत्येकाला फ्लॅट, लिफ्ट, वर पोरांसाठी जादा जागा. बिल्डरचा माणूस, तो अमरसिंह, नकाशा भिंतीला चिकटवून किती गोड बोलला. मीही गोड बोलूनच वर आलोय, त्यामुळं मला असली माणसं लगेच कळतात. वाईट नाही तो.

मग त्यानं विचारलं, मधल्या मोकळ्या जागेत हलवता येणार नाही असं काही आहे का. कुणीतरी म्हणालं, महादेवाचं देऊळ आहे, पण देव काय, विधी करून हलवता येतो. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघत होता, असं नंतर कळलं. अप्पा, माझं लक्षच नव्हतं. हॉलमधल्या फॅनचं बेअरिंग गेलंय, डोक्यावर सारखी किरकिर चाललेली. जन्म फौंड्रीत गेलेला माणूस मी, बिघडलेलं काही वाजायला लागलं की माझा कान तिकडंच जातो. प्रश्न ऐकलाच नाही म्हणा ना.

मान वर केली तर तुमची खुर्ची रिकामी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप.

या परत. बसून बोलू.

तुमचा
कृष्णात


२४ डिसेंबर २०२४

अप्पा,

उत्तर नाही. असेना.

फॅनचं बेअरिंग खरंच गेलंय, पण प्रश्न मी ऐकला होता. तुम्हाला हे माहीत आहे, मला माहीत आहे, मग कागदावर तरी वेगळं कशाला ठेवायचं? त्या हॉलमध्ये मागच्या रांगेत कोण पोटातल्या पोटात ढेकर दाबतंय, तेसुद्धा मी ऐकत होतो.

तुम्ही बघितलंत तेही बघितलं. आणि नकाशाकडं तोंड फिरवलं.

का, ते सांगतो. धैर्यशील पुण्याला जाऊन त्याचं पोरगं शाळेत जायच्या वयाचं झालं. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, बाबा, या तीन खोल्यांत आम्ही कुठं मावणार, पण वर एक स्वतंत्र फ्लॅट झाला तर बदली मागून येतो. बायकोनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासनं नातवाची खोली कुठल्या बाजूला असावी यावर माझ्याशी वाद घालायला लागली. अमरसिंह प्रश्न विचारत होता तेव्हा माझ्या डोक्यात ती खोली होती. मी बोललो असतो तर काम अडलं असतं. एवढंच. याच्या मागं दुसरं काही शोधू नका.

पण मग मला तो दिवस आठवत राहतो. इथं सगळं तुमचं रान होतं. ऊस काढून चुन्याच्या रेषा मारलेल्या, आणि मी कोडोलीचा पोरगा, फौंड्रीत वाळूचे साचे भरणारा, प्लॉट बघायला आलेला. पहिला गिऱ्हाईक. तुम्ही मला ईशान्येच्या कोपऱ्यात नेलंत. तिथं कमरेएवढा दगडी कट्टा आणि वर छोटं लिंग. मी हात जोडले. तुम्ही म्हणालात, "ही आमची अव्वा. गौरव्वा. आमच्यात जाळत न्हाईत, झोपवत बी न्हाईत. बसवत्यात." तुमची आई आत बसलेली आहे हे ऐकून मी नकळत एक पाऊल मागं सरकलो, आणि तुम्ही हसलात.

नकाशात तो कोपरा तुम्ही मोकळ्या जागेत सोडला होतात, म्हणजे कुणाच्या प्लॉटमध्ये जायला नको. आणि मला म्हणालात, "किष्णा, मी इकणारा माणूस. माझ्या शब्दाला उद्या कोण इचारतंय? तू घेणारा हाईस. कधी येळ आलीच, तर तू बोल."

मी म्हणालो, बोलीन.

पुढं वस्ती झाली. लोक आपल्याकडचे, लिंग दिसलं की बेल वाहणारे. कुणी पत्र्याचं छप्पर घातलं, कुणी घंटा आणली, फरशी तर मीच बसवून दिली. श्रावणी सोमवारी प्रसाद सुरू झाला. अव्वाचा महादेव झाला. तुम्ही अडवलं नाहीत. संध्याकाळी भिंतीपलीकडं खुर्ची टाकून म्हणायचात, माझ्या आईला अख्खी कॉलनी नमस्कार करते, आणखी काय पाहिजे. त्या वेळी ते खरंच छान वाटायचं. आता कळतं, तेव्हाच सांगून टाकायला पाहिजे होतं. इतकी वर्षं लोटल्यावर, तुम्ही थडग्यापुढचा प्रसाद खात होता, असं कुठल्या तोंडानं सांगणार? तुमचंही तोंड त्यामुळंच बंद, आणि म्हणून तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

या बारा मजल्यांच्या कमिटीचा अध्यक्ष मला केलंय. दुसऱ्या कुणाकडनं कळण्याआधी मीच सांगतो. नको म्हणत होतो. फार मोठ्यानं म्हणत नव्हतो.

कृष्णात


१९ जानेवारी २०२५

अप्पा,

या खेपेला चांगली बातमी लिहिणार होतो. ती आता तशी राहिली नाही, पण ऐका.

पहिल्या नकाशात अव्वाच्या जागी गाड्या लावायची फरशी दाखवली होती. देव हलवायचा, वर काँक्रीट, आणि त्यावर कुणाच्या तरी गाडीचं चाक. मला बघवेना. मग सरळ बोलायचं सोडून मी डोकं चालवलं. तुम्ही म्हणाल, सवयच आहे. व्हय, आहे. साचे भरणाऱ्याचा कारखानदार झालो तो सरळ बोलून नव्हे.

अमरसिंहला घरी चहाला बोलावलं. म्हटलं, साहेब, ईशान्येच्या कोपऱ्यात जड काही ठेवू नये, आमच्याकडं मोठे लोक सांगतात, तिथं गाड्या लावल्या तर फ्लॅट घेणारे शंका काढतील. तो कोपरा तसाच मोकळा सोडा. त्यानं लगेच मान डोलावली. "काका, लाखातलं बोललात. आमच्या वास्तुवाल्यांनाच विचारतो," म्हणाला. मी दारापर्यंत सोडायला गेलो, आत आलो आणि भिंतीपलीकडं तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं. मग आठवलं, तिकडं कोणी नाही.

परवा नवा नकाशा आला. वास्तुवाल्यानं सांगितलं म्हणे, ईशान्येला पाणी असेल तर त्याच्यासारखं शुभ नाही. सगळ्या इमारतींची पाण्याची टाकी आता तिथं. जमिनीखाली. दोन पुरुष खोल.

मीटिंगमध्ये अमरसिंहनं ही सूचना माझी म्हणून सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभा राहिलो. तेव्हा तरी बोलायचं. टाळ्या थांबल्या की बोलू असं ठरवलं, आणि थांबल्या तेव्हा लोक चहाच्या कपाकडं वळले होते.

अप्पा, नुसती गाडी लागली असती तर अव्वा जागेवर राहिली असती हो.

महाशिवरात्र इथंच करायची आणि मग चांगला दिवस बघून देव हलवायचा, असं ठरलंय. भटजींशी बोलणं झालं. म्हणजे अजून वेळ आहे. मी काहीतरी करतो. तुम्हीही एक फोन करा. शिव्या द्यायला का होईना.

कृष्णात


२८ फेब्रुवारी २०२५

अप्पा,

काल बोललो. सगळ्यांसमोर. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचायच्या आत तुम्ही पत्र फाडाल.

शिवरात्र नेहमीसारखी झाली. पहिला बेल तुमच्या घरचा मान, तुम्ही नाही म्हणून तो शालूबाईंनी वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माती तपासायचं मशीन आलं. मला कुणी कळवलं नव्हतं. खरं म्हणजे अमरसिंहचा मेसेज आला होता, मी उघडला नव्हता. तिवईसारखा उंच सांगाडा, वजन दोरीनं वर ओढायचं आणि नळीच्या डोक्यावर सोडायचं. ठोक्याठोक्यानं नळी जमिनीत जाते आणि आतली माती घेऊन वर येते. टाकी तिथं होणार म्हणून खूण तिथंच मारलेली, कट्ट्याच्या मागं, दोन हात सोडून.

मी चप्पल घालून गेलो आणि उभा राहिलो. ठोके ऐकत होतो. वरची काळी माती मऊ वाजते, खाली मुरूम लागला की आवाज टणक येतो. पंचवीस वर्षं मी कास्टिंग हातोडीनं वाजवून पास केलंय, कुठं भेग आहे, कुठं आत पोकळ राहिलंय, हे मला डोळे मिटून कळतं. आणि एका ठोक्याला आवाज बदलला. मी त्या माणसाचा हात धरला. थांब म्हणालो.

तोवर लोक जमलेच होते. अमरसिंह विचारत होता, काका, जुनी मोरी आहे का खाली. मी म्हणालो, "ही समाधी हाय. पंचाक्षरींच्या आईची. मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय आणि मी बोललो न्हाय."

मला वाटलं होतं लोक अंगावर येतील. आपल्याला फसवलं म्हणतील, बाटलो म्हणतील. पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात शालूबाई पुढं आल्या, पदर खोचलेला, हातात शिवरात्रीचं निर्माल्य. म्हणाल्या, "ह्यात नवीन काय सांगिटलासा, दादा? शिवम्मानं आमास्नी पैल्याच श्रावणात सांगिटलं हुतं. आमी म्हटलं, तुजी सासू ती आमची बी सासू."

मागं उभ्या असलेल्या सगळ्या बाया माना हलवत होत्या. माझी बायकोसुद्धा, अप्पा.

मी विचारलं, मग बोलला का नाही कुणी? मीटिंगला का गप्प? शालूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या आईची आठवण झाली. म्हणाल्या, "मीटिंगीत खुर्च्या तुमच्या. आमी मागं चहा गाळत हुतो. पंचाक्षरीदाजी हाईत, तुमी हाईसा, म्हटलं कुणीतरी तोंड उघडंल की. आन तुमी दोघं एवढं जपून लपवतायसा, तर लपवू दे बापड्यास्नी."

म्हणजे आपण दोघं ज्याच्या धाकानं गप्प बसलो, ते कधी नव्हतंच. मी त्या रविवारी नुसतं एक वाक्य बोललो असतो, तर मागनं चहाच्या भांड्यामागच्या सगळ्या बाया हो म्हणाल्या असत्या, अमरसिंहनं पेन्सिलीनं त्या कोपऱ्याला गोल केला असता आणि तुम्ही संध्याकाळी खुर्ची टाकून बसला असता. सारखं हेच डोक्यात येतंय.

मशीन परत पाठवलं. काळजी करू नका, नळी वरच्या वरच होती. अव्वाला धक्का नाही.

कृष्णात


१६ मार्च २०२५

अप्पा,

ठरलेलं कळवतो. मीटिंग झाली, या वेळी बाया पुढच्या खुर्च्यांवर होत्या आणि चहा अमरसिंहच्या माणसांनी केला. फार वाईट केला. ईशान्येचा कोपरा नव्या नकाशात सोडलाय, कट्ट्याभोवती जाळी, आत मोगरा लावायचा. टाकी दुसरीकडं गेली, त्यात एक इमारत थोडी आखडली, त्याबद्दल कुरकुर करणारे करतायत. पत्र्यावर नाव लिहायचं ठरलं. गौरव्वाचा कट्टा. महादेव म्हणायचं की गौरव्वा, यावर बरंच झालं, शेवटी शालूबाई म्हणाल्या, दोन्ही ऐकतात, ज्याला जे पाहिजे ते म्हणू दे.

अध्यक्षपद मी सोडलं. धैर्यशीलचा फोन होता. सुनेच्या, मोनाच्या, नोकरीचं तिकडंच चांगलं चाललंय, तेव्हा बदलीचं आत्ता नको म्हणाला, फ्लॅट मात्र घेऊन ठेवा. बायको त्या दिवसापासनं नातवाच्या खोलीबद्दल बोलत नाही. अप्पा, ज्या खोलीसाठी मी तोंड फिरवलं होतं, ती ही.

आणि मंगळवारी तुमचा फोन आला.

नाव दिसल्यावर पहिल्याच रिंगला उचलला. हॅलो म्हणालो. पलीकडं श्वास ऐकू येत होता, आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, शिवम्मावहिनी कानडीत काहीतरी विचारत होत्या. एवढं ऐकूनसुद्धा मला बरं वाटलं. मग तुम्ही एकच विचारलंत. "किष्णा, नळी किती खोल गेलती?"

मी म्हणालो, वरच्या वरच, अप्पा, लिहिलं नव्हतं का.

तुम्ही बरं म्हणालात आणि फोन ठेवलात. त्या 'बरं'चा आवाज मला कळला. माझा कान आहे तसा तुमचाही आहे. इतकी वर्षं भिंतीपलीकडनं माझं बोलणं ऐकताय, मी कधी गिऱ्हाइकाशी बोलतोय आणि कधी घरच्याशी, हे तुम्हाला कळत नसेल असं मी का समजावं?

तेव्हा आता घरच्यासारखं सांगतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी तिथं उभा होतो तो थांबवायला नव्हे. नळी चुकून बाजूनं जाईल, माती तपासून होईल, आणि मला बोलावंच लागणार नाही, या आशेवर उभा होतो. कट्टा इथं, खूण दोन हात मागं, म्हणजे अव्वा सुटली, असा माझा हिशेब. पण तुम्हीच एकदा सांगितलं होतंत, मी विसरलो होतो. सरळ खड्ड्यात नाही ठेवत. खड्ड्याच्या बाजूला कोनाडा कोरतात, देव्हाऱ्यासारखा, आणि माणूस त्या कोनाड्यात बसतं. म्हणजे अव्वा कट्ट्याखाली नव्हतीच. मागं होती. खूण होती तिथं.

आवाज बदलला आणि त्याच क्षणी मला हे आठवलं. मी हात धरायला पुढं गेलो तोवर आणखी एक ठोका पडला होता.

नळी वर काढली. वर काळं, मग तांबडा मुरूम, आणि तळाला पांढरं. भुकटीसारखं, खड्यांसारखं. मशीनवाला म्हणाला, चुना लागला. मला माहीत होतं तो चुना नव्हे. तुम्ही सांगितलेलं, बसवल्यावर भोवतीनं विभूती आणि मीठ भरतात.

नंतर लोक शालूबाईंचं ऐकत असताना मी ते सगळं डोक्याच्या टॉवेलात काढून घेतलं. सगळे गेल्यावर परत खाली सोडलं, जेवढं हाताला आलं तेवढं. वर माती भरली, पायानं नाही, हातानं दाबली. साचा भरताना दाबतात तशी, कडेकडेनं. मला दुसरं काही येत नाही. वर तुमच्या दारचा मोगरा लावलाय. भिंतीवरनं फांदी काढली, विचारलं नाही.

कपाळावर बोटं लागली असतील. घरी आल्यावर बायको म्हणाली, आज विभूती लावून आलाय, अप्पांची फार आठवण येते वाटतं. मी हो म्हणालो.

कॉलनी पाडायला पावसाळ्यानंतर सुरुवात होईल. त्याच्या आत तुम्हाला सामान हलवायला यावंच लागेल. मी दारात येणार नाही. कट्ट्यापाशी असेन. यायचं तर या, नाहीतर रिक्षा त्याच गल्लीनं जाते, लांबनं तरी कट्टा दिसेल.

तुम्ही विचारलं होतंत, नळी किती खोल गेली.

अव्वापर्यंत.

किष्णा